आईचं तोंड असलेलं मडकं

आबा, गेल्या आठवड्यात मुंबईत मी ती मडकी पाहिली. चित्रातली नव्हे, खरीखुरी. लेकीनं नेलं होतं. कुठल्या तरी परदेशी संग्रहातून थोड्या दिवसांसाठी आणलेली, काचेच्या पेट्यांत ठेवलेली, वरून पिवळा दिवा सोडलेला. प्रत्येक मडक्याला माणसाचं तोंड. तुम्ही ज्या कागदासमोर उकिडवे बसायचा, त्या कागदावरचीच जात. मोठी नाकं, जाड ओठ, कानात चकत्या, डोक्याला बांधलेलं फडकं, आणि टाळूतून निघून पुन्हा टाळूतच शिरणारी, घोड्याच्या रिकिबीसारखी पोकळ मूठ, तिच्या मधोमध तोटी. लेक पेट्यांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. तिला वाटलं असेल, आई आता रडेल. मी रडले नाही. मला काही वाटलंच नाही. पाय दुखत होते, म्हणून बसायला बाक कुठे आहे ते मी शोधत होते. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट समोर आली आणि आत काही हललं नाही, याचंही फारसं नवल वाटलं नाही. अलीकडे मला कशाचंच नवल वाटत नाही. तरी घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावं असं मनात येत राहिलं. बोलायची सवय आपल्या दोघांनाही नव्हती, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ही एक सोयच म्हणायची.

तो कागद घरात कसा आला ते तुम्हाला आठवत असेल. आपलं गाव कळंबच्या अलीकडे, नीरेच्या काठाला, आणि आपलं घर गावाच्या कडेला. त्या सालात पलीकडच्या माळावर साखर कारखाना उभा राहत होता. स्टेशनावर उतरलेली यंत्रं मोठमोठ्या खोक्यांतून डाळजवरून यायची, गाड्यांचे बैल फेस गाळत यायचे. तुम्ही मजुरांच्या तळावर रांजण घालायचा आणि येताना त्या खोक्यांतला पेंढा आणि चोळामोळा झालेले कागद गाढवावर लादून आणायचा. मडकी भाजायचा आवा पेटवायला फुकटचं जळण. त्यात परदेशी मासिकांची पानं असत. मडमा, मोटारी, जहाजं, सगळं आमच्या आव्यात जाई. एका संध्याकाळी आईनं असंच एक पान चुलीत सारायला म्हणून उचललं, उलगडलं, आणि उलगडून तशीच बसून राहिली. दूध उतू गेलं. तुम्ही बाहेरून ओरडलात, तरी ती उठली नाही. पानावर माणसाच्या तोंडाच्या मडक्यांची चित्रं होती आणि त्यातल्या एका माणसाचा एक डोळा मिटलेला होता. नुसता मिटलेला नव्हे, आत ओढला गेलेला, कायमचा गेलेला. आई म्हणाली, "अवं, हिकडं या. ह्यो बघा माझा भाऊ."

लहानपणी देवी आल्या तेव्हा आईचा एक डोळा गेला होता. तोंडभर व्रण होते. तुमच्या घरच्यांनी पाहून, सगळं ठाऊक असून तिला सून करून आणली होती, फसवाफसवी नव्हती, हे ती मोठ्या मानानं सांगायची. तरी पदर त्या बाजूला ओढलेलाच असायचा. गावात तिला तिच्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. काणी कुंभारीण, एवढंच. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण माठ घ्यायला आलेल्या बाया दारातून आपसात बोलायच्या तेव्हा तिला ऐकू जायचं. ती आतून त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "काणी हाय, भैरी न्हाय." आणि खुदखुदत राहायची. आपल्या घरात हसण्याचा जिम्मा तिच्याकडे होता. ती गेल्यावर तो कुणी घेतला नाही.

पानावरचं इंग्रजी आपल्याला वाचून दाखवलं ते शाळेतल्या गुरुजींनी. ते माठ घ्यायला आले होते. बोटाच्या पेरानं एकेक माठ वाजवून बघत होते. आपल्याकडे घेणारा मडकं वाजवूनच घेतो. टणटण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठं तरी चीर गेलेली. फक्त मयतासाठी मडकं न्यायला आलेला माणूस ते वाजवत नाही. पुढ्यात येईल ते उचलतो आणि जातो. त्याला 'या' म्हणायचं नसतं आणि जाताना 'येत जा' तर मुळीच म्हणायचं नसतं. हे मला तुम्ही एकदा कानशिलात देऊन शिकवलं होतं. मी एका म्हाताऱ्या माणसाला "पुन्यांदा या, आबा" म्हणाले होते. त्याची सून गेली होती. तुम्ही त्याच्या पाया पडलात आणि तो गेल्यावर माझ्या थोबाडीत दिलीत. माझं काय चुकलं ते आईनं मागाहून भाकरी थापता थापता समजावून सांगितलं. तुम्ही काही समजावून सांगायचा नाहीत. तुमचा हात चाकावर जेवढा हलका चाले, तेवढाच बाहेर जड पडायचा.

गुरुजींनी चष्मा लावून पान वाचलं. हा देश पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, उंच डोंगरांचा, पेरू नावाचा. आई दाराआडून म्हणाली, "आमच्या परसात हाय की झाड," आणि गुरुजीही हसले. मग ते वाचत गेले. मडकी हजार वर्षांहून जुनी. ती खऱ्याखुऱ्या माणसांची तोंडं, कुणा देवाची नव्हेत. ज्याचा ओठ फाटलेला त्याचा फाटलेलाच केलेला, ज्याचा डोळा गेलेला त्याचा गेलेलाच. एकाच माणसाचं तरुणपणी एक मडकं, म्हातारपणी दुसरं. गळ्याला दोर लावलेले कैदीसुद्धा केलेले. त्या लोकांच्या लेखी मडकं म्हणजे माणसाचं अंग आणि आतलं पाणी म्हणजे त्याचा जीव. आणि माणूस मेला की ही मडकी त्याच्याजवळ मातीत ठेवून देत, न फोडता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग गुरुजी म्हणाले, "आणि एक लिहिलंय, त्यांना चाक ठाऊक नव्हतं. सगळं हातानं आणि साच्यानं."

"चाकाबिगर?" तुम्ही म्हणालात. "गुर्जी, ते चुकीचं छापलंय. चाकाबिगर कुंभार कसा असंल?"

"इथे तसंच लिहिलंय खरं."

"लिवणाऱ्यानं कवा माती मळलीय का?"

तुम्ही त्या बाबतीत शेवटपर्यंत हटला नाहीत. मुंबईत पेटीवरच्या पाटीवरही तेच लिहिलेलं होतं, आबा. चाक नव्हतं. गुरुजींचं बरोबर होतं. पण त्या दिवशी आई दाराआडून जे म्हणाली ते मला जास्त लक्षात आहे. ती म्हणाली, "मग तितं बाया करत असत्याल." आपल्यात बाईनं चाकाला हात लावायचा नाही. माती तिनं तुडवायची, लीद आणि राख तिनं मिसळायची, मडकी घोटायची, वाळवायची, बाजारात डोक्यावरून न्यायची. चाक मात्र तुमचं. गुरुजी म्हणाले, "असतीलही. ते काही लिहिलेलं नाही."

गुरुजी गेल्यावर तुम्ही म्हणालात, मडकं म्हंजी अंग, त्यात काय नवं सांगत्यात. मडक्याला तोंड असतं, गळा असतो, पोट असतं, बूड असतं. "डोळं तेवढं न्हाईत," असं म्हणून तुम्ही चिलीम भरायला घेतलीत. आई पुढे आली आणि म्हणाली, "मग काढा की. माझं काढा. हाय तसं." तुम्हाला वाटलं, चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. तिनं ते पुन्हा म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, आणि मग ते आपल्या घरातलं रोजचं बोलणं होऊन बसलं. तिचा फोटो नव्हता. आरसा होता, पण त्यात ती कुंकवापुरती बघायची. तिला आपलं तोंड कुणी तरी नीट बघून करावं असं वाटत होतं, एवढंच मला आज कळतं. त्या वेळी मलाही ते हवं झालं होतं. का, ते नाही सांगता येत. सगळ्यांची आई दिसते तशी माझी दिसत नव्हती आणि त्या कागदावरच्या लोकांनी तिच्यासारख्यालाही मडक्यावर बसवलं होतं, त्यात काहीतरी मोठं आहे असं मला वाटलं.

तुम्ही शेवटी केलंत. एक मोगा, बारक्या तोंडाचा घडा, चाकावरून काढलात, चामड्यासारखा घट्ट आळू दिलात आणि त्याच्या पोटावर माती लावून तोंड केलंत. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तुमचे अंगठे फिरत होते आणि मला दिसत होतं की आई होत नाही, गौर होते आहे. तुमच्या हाताला एकच बाईचं तोंड ठाऊक होतं. बारामतीच्या बाजारात तुमच्या गौरीच्या मुखवट्यांना केवढा मान होता. तेच टपोरे डोळे, तेच इवलेसे ओठ, तीच गुळगुळीत हनुवटी. तुम्ही एक डोळा बोटानं दाबलात, मिटवलात, थोडं मागं सरून पाहिलंत आणि तुमचा अंगठा आपोआप पुढे गेला आणि तो डोळा परत उघडला. कुंभाराच्या हाताला खोट दिसली की तो ती पुसतो, त्याला सांगावं लागत नाही. आईनं ते तोंड बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही कुणाची बायकू?"

तुम्ही चिडलात. मोगा उचलून मातीत कालवलात. म्हणालात, मला असली भिकार कामं सांगू नगं. पण पुढचे दोन-तीन दिवस तुम्ही पुन्हा पुन्हा करत होतात आणि पुन्हा पुन्हा गौरच येत होती. एकदा मी बघितलं, तुम्ही आईकडे टक लावून बसला होतात आणि ती लाजून पाठमोरी झाली. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही तिच्याकडे असं बघितलं नसावं. मला तेव्हा हसू आलं होतं. आज आठवताना तेही येत नाही.

मग तिला हिवताप आला. कालव्याच्या पाण्यानं सगळ्या गावात होता, तिला जरा जास्त. पणदऱ्याहून आत्या आली होती तिचं करायला. थंडी वाजून ताप चढायचा, घाम सुटून उतरायचा, आणि उतरल्यावर ती जरा शहाण्यासारखी बोलायची. अशाच एका दुपारी तुम्ही एक आळलेलं मडकं आणून तिच्या अंथरुणाशी ठेवलंत. शेजारी मातीचा गोळा आणि पाण्याची वाटी. म्हणालात, "घे. तूच कर. तोंडाला न्हाय चाक लागत." आणि बाहेर निघून गेलात. आत्यानं कपाळाला हात लावला. आई उठून बसली. भिंतीला टेकली, मडकं मांडीत घेतलं आणि एका हातानं आपलं तोंड चाचपायला लागली. एक हात तोंडावर, एक हात मातीवर. नाक चाचपायचं, नाक लावायचं. गाल चाचपायचा, गाल लावायचा. मी वाटी धरून बसले आहे. ती मधेच म्हणते, "माझं नाक एवढं नकटं हाय व्हय गं? मला कुणी सांगितलं न्हाय." डोळ्याच्या खोबणीत तिचं बोट जातं, थांबतं, मग मातीत जातं. व्रणांचं काय करावं ते तिला सुचेना. मग मला म्हणाली, मडक्यातली बाजरी आण मूठभर. तिनं एकेक दाणा ओल्या गालांत दाबून बसवला आणि तसाच ठेवला. म्हणाली, जळून जात्याल, खड्डं ऱ्हात्याल.

संध्याकाळी तुम्ही आलात, मडकं हातात घेतलंत, दाराशी उजेडात नेलंत. सगळीकडून फिरवून पाहिलंत. मग म्हणालात, "आगं, डोळा उलटा झालाय." आणि खरंच तसं झालं होतं. तिनं आरशात बघावं तसं केलं होतं. तिचा हात ज्या बाजूच्या डोळ्यावर होता, त्याच बाजूला मडक्यावर डोळा मिटला. मडकं आपल्याकडे तोंड करून बघतं, तेव्हा तो त्याचा दुसरा डोळा होतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही हसलात. आईही हसली. तुम्ही म्हणालात, ओलं हाय तवर बदलतो. ती म्हणाली, "नगं. ऱ्हाऊ द्या. तुमी हात लावला की परत गौर हुईल."

घटस्थापनेच्या आधीचा आवा होता तो. गावोगावच्या घटांची मडकी त्यात लागलेली. त्यातच तुम्ही ते आईचं मडकं मधोमध, सगळ्यांच्या पोटात ठेवलंत. निघालं ते चांगलं भाजून निघालं. एका गालाला थोडा धूर लागला होता. बाजरीचे खड्डे बरोबर राहिले होते. आईनं अंथरुणावर उठून ते दोन्ही हातांत घेतलं, पदरानं राख पुसली आणि म्हणाली, "व्हय. ही मी." आत्या म्हणाली पाणी भर त्यात, गार राहील, तापाच्या माणसाला बरं. आई म्हणाली, "आत्ताशी तर झालीय. एवढ्यात कामाला लावू नगा." म्हणून ते मडकं तिच्या उशाशी कोरंच राहिलं. आवा निघाला तसा माल उठला. घटांची मडकी चार गावच्या लोकांनी नेली, उरलेले माठ तळावर गेले. मग परतीच्या पावसानं धरलं. तुम्हाला दुसरा आवा लावता येईना. कुंभाराच्या घरात कोरं मडकं म्हणून उरलं नाही, ज्या-त्या घरी देवापुढं आपल्या मातीत धान उगवत होतं.

त्याच आठवड्यात आई गेली. सकाळी गेली. डाळजहून मामा यायचा होता, त्याच्यासाठी थांबले होते. मी तिच्या उशाशी होते. तेव्हाही मला रडू आलं नव्हतं, आबा, लोक म्हणत होते की पोर दगड झाली. मी ते मडकं मांडीत घेऊन बसले होते. मला एवढंच माहीत होतं की आई आता नेणार आहेत आणि हे राहणार आहे. आत्या आणि भावकीतली माणसं दारात बोलत होती. विस्तवाचं मडकं चुलीजवळचं होतं, ते चाललं असतं. पण तिकडे नदीवर पाण्याचं मडकं लागतं आणि ते कोरं लागतं. मामा आला, रडून झाला, तेव्हा ते बोलणं उघड झालं. आत्या म्हणाली, "पलीकडच्या गावच्या कुंभाराकडनं आणा की. घोड्यावर माणूस धाडा." तुम्ही म्हणालात, "कुंभाराच्या घरचं मयत. दुसऱ्याच्या हातचं मडकं?" आत्या म्हणाली, त्यात काय, वेळ तशी हाय. तुम्ही उंबरा ओलांडलात. आत आलात. माझ्यापुढं उभे राहिलात.

"दे," तुम्ही म्हणालात.

"ही आई हाय," मी म्हणाले.

"दे. दुसरं न्हाय घरात."

"आणा की दुसरं. आत्या म्हणतीय आणा. आबा, दुसरं आणा."

तुम्ही वाकलात आणि माझी बोटं एकेक करून सोडवलीत. जोर नाही लावलात, मारलंतही नाही. मडकं हातात घेतलंत आणि बोटाच्या पेरानं वाजवलंत. सवयीनं. ते स्वच्छ वाजलं. दारातली माणसं चपापली, मयताचं मडकं कुणी वाजवत नाही. तुमच्याही ते लक्षात आलं, हात तसाच वर राहिला. मग तुम्ही ते मामाच्या हवाली केलंत आणि पुढं होऊन विस्तवाचं मडकं धरलंत. मामानं ते खांद्यावर घेतलं. बायका दारातच थांबतात, मीही थांबले. मामाच्या पाठीकडून ते तोंड आमच्याकडे बघत चाललं होतं, एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. वळणापर्यंत ते दिसत होतं. मग आत्यानं मला आत ओढलं.

नदीवर काय झालं ते मामानं मला माझ्या लग्नाच्या सुमाराला सांगितलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, म्हणून मी तुम्हाला ते सांगते, म्हणजे मला किती माहीत आहे ते तुम्हाला कळेल. मडक्यात नीरेचं पाणी भरलं. तुम्ही ते खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरलात. मामा मागून दगडानं एकेक भोक पाडत होता. तो म्हणाला, तोंडाची बाजू मी टाळली, पाठीकडं पाडली. पाण्याची धार तुमच्या अंगावरून गेली. मग तुम्ही रीतीप्रमाणं मडकं मागं टाकलंत. मागं वळून बघायचं नसतं. पण पाऊस झालेला होता, खाली गाळ होता आणि मडकं पक्कं भाजलेलं. ते गाळात पडलं, तोंड वर करून, आणि फुटलं नाही. तुम्ही पाठमोरे उभे. तुम्ही विचारलंत, "फुटलं का?" मामा म्हणाला, न्हाय. सगळी माणसं उभी. मामा म्हणाला, मला वाटलं तुझा बा आता वळतोय. तुम्ही वळला नाहीत. मामानं डोळे मिटून दगड घातला. तो आवाज ऐकून तुम्ही चालू लागलात.

मी तुमच्यावर रागावले होते. पुष्कळ वर्षं. शिकले, बारामतीला शाळेत लागले, लग्न केलं, लेक झाली, तरी आत कुठं तरी तुमच्या बोटांवर राग होता. दुसऱ्या कुंभाराचं एक मडकं आणलं असतं तर तुमचं काय जात होतं? इज्जत? आईच्या तोंडापेक्षा ती मोठी होती? तुम्ही त्यानंतर गौरीचे मुखवटे केले नाहीत. लोक विचारायला यायचे, तुम्ही म्हणायचा, हाताला जमत न्हाय आता. मडकी करायचा, रांजण करायचा, बैलसुद्धा करायचा बेंदराचे. तोंड मात्र पुन्हा कुणाचं केलं नाहीत. मला तेव्हा वाटायचं, बरं झालं, शिक्षा आहे. मग तुम्हीही गेलात, तुमच्या वेळचं मडकं बाजारातून आणलं होतं. हळूहळू राग विरला. तो असता तर एक वेळ बरं झालं असतं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

त्या काचेपुढं उभी असताना मला एवढंच दिसलं की ती मडकी शाबूत आहेत, कारण त्या लोकांनी ती मेलेल्याला देऊन टाकली आणि मातीनं सांभाळली. आपल्याकडे द्यायचं म्हणजे फोडायचं. लेक म्हणाली, आई, यांच्याकडे मडकं म्हणजे देह होता आणि पाणी म्हणजे प्राण, किती वेगळी कल्पना आहे नाही? मी म्हटलं, वेगळी कुठं आहे. तिला मी हे सगळं आजवर सांगितलं नव्हतं. परत येताना गाडीत सांगितलं. सांगताना आवाजसुद्धा बदलला नाही. ती मात्र रडली.

ती चित्रं काढते, तुमच्या हातातलं काहीतरी तिच्या हातात उतरलं आहे. काल संध्याकाळी ती फळी आणि कागद घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली, आजीचं तोंड मी करते, तू नुसतं सांगत जा. मी सांगत गेले. नाक नकटं. हनुवटी लहान. गालांवर व्रण, कपाळावर कमी. केस पुढून विरळ. तिचा हात चालत होता आणि कागदावर कुणीतरी येत होतं. मग ती थांबली आणि म्हणाली, "कुठला डोळा, आई?"

आबा, मला एक मिटलेला डोळा अजून लख्ख दिसतो. पण तो तिच्या तोंडावरचा की मामाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत गेलेला, हे मला ठरवता येत नाही. दोघींचे डोळे उलटसुलट होते आणि दोघीही गेल्या. आता हे सांगू शकेल असं तुमच्याखेरीज माणूस नाही. पेन्सिल वर धरून लेक वाट बघत होती.

मी म्हटलं, डावा. तिनं तो मिटवला. चित्र छान झालं आहे, तिनं ते समोरच्या भिंतीवर लावलं आहे. मला ठाऊक नव्हतं, आबा. मी आपलं सांगून टाकलं.